ताट, पार्सल आणि स्वभाव

'मुलगी नीट जेवत नाही' ही तक्रार घेऊन आई दवाखान्यात येते. 'मुलगी फार खर्च करते' ही तक्रार मात्र घरातील भांडणापुरतीच राहते. माझे मत असे की, किशोरवयीन व तरुण मुलींच्या बाबतीत या दोन तक्रारींचे मूळ कित्येकदा एकच असते. म्हणून आपण डॉक्टरांनी त्या एकत्रच विचाराव्यात.

अनावर खरेदीचे वर्णन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केले होते. अधाशीपणे खाणे आणि मग वजनाच्या धास्तीने ते उलटून टाकणे, हा बुलिमिया जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये वर्णिला. दोहोंचे चक्र सारखेच आहे. आधी मनाचा ताण किंवा रितेपण, मग न आवरणारी ओढ, क्षणभर दिलासा आणि पाठोपाठ अपराधीपणा व लपवाछपवी. एकीकडे बिस्किटांची रिकामी वेष्टने गादीखाली जातात, दुसरीकडे न उघडलेली पार्सले कपाटात.

स्वभावाचा संबंध येथे येतो. मन अस्वस्थ असताना उतावळेपणे काहीतरी करून बसण्याची प्रवृत्ती दोन्ही विकारांत ठळकपणे आढळते. याउलट, घास मोजून खाणाऱ्या अॅनोरेक्सियाच्या मुली बहुधा काटेकोर व अतिसंयमी असतात. तथापि स्वभाव म्हणजे दोष नव्हे आणि ललाटलेखही नव्हे. 'लाडाने बिघडली', 'लग्न झाले की सुधारेल' ही निदाने नव्हेत.

प्रत्येक हौसेला रोग ठरवू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. दिवाळीत राजवाड्यावर केलेली खरेदी किंवा रात्री सराफ्यात मारलेला ताव हा आपल्या इंदूरचा आनंद आहे. आवर सुटणे, लपवणे, उसनवारी आणि नंतरची टोचणी ही खरी लक्षणे होत.

बुलिमियात वजन पुष्कळदा सामान्य असते. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. बोटांच्या सांध्यांवरील वण, झिजलेले दात, गालांची सूज पाहावी. शंका आल्यास रक्तातील पोटॅशियम तपासावे, कारण त्याची घट हृदयाला घातक ठरते. मुलीशी एकटीशी बोलावे. 'मन बिघडले की तू काय करतेस?' एवढा प्रश्न प्रेमाने विचारला, तरी ताट आणि पार्सल दोन्ही बोलू लागतात. मग मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब नको. विचार व वर्तन बदलणाऱ्या मानसोपचारांचा चांगला उपयोग होतो. टॉनिकची बाटली आणि उपदेश यांनी हे काम होणार नाही.