आकड्यांची घाई

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. १९९१च्या अखंड भंडाऱ्याशी २००१च्या उर्वरित भंडाऱ्याची तुलना करणाऱ्यास निम्मा जिल्हा ओस पडल्याचा भास होईल! सप्टेंबर २००४मध्ये जनगणना आयुक्तालयाने धर्मनिहाय आकडे जाहीर केले, तेव्हा अशीच गफलत झाली. दहशतवादामुळे १९९१मध्ये जम्मू-काश्मीरची गणनाच झाली नव्हती, २००१मध्ये झाली. हा फरक वजा न करताच मुस्लिम लोकसंख्यावाढ ३६ टक्के असल्याचे मथळे झळकले. काही दिवसांतच सुधारित आकडा आला : सुमारे २९ टक्के, म्हणजे मागील दशकापेक्षाही कमी. हिंदूंच्या सुमारे २० टक्क्यांशी असलेले अंतर गंभीर चर्चेस पुरेसे होते. परंतु चर्चा रंगली ती आयुक्तालयाच्या हेतूंवर. कच्च्या आकड्यावर उतावीळपणे विसंबणाऱ्यांनी आपलाच पक्ष दुबळा केला. आधी दुरुस्ती, मग प्रसिद्धी, एवढा क्रम पाळणे अशक्य नव्हते.