पेटी आणि संगणक

संगीतशिक्षकाच्याच हाती संगणक कक्षाची किल्ली देण्याची रीत आता अनेक निवासी शाळांत पडली आहे. एकाने दोन्ही कामे करू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. मात्र ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’वरील माहितीला अंतिम तारीख असते, गाण्याला ती नसते. म्हणून दरवेळी बुडतो तो पेटीचाच तास.

हे नुकसान किरकोळ नव्हे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी, वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) गीतांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर वस्त्यांपर्यंत पोहोचवला. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे आपल्यातलेही अनेकजण विसरतात! अशा कितीतरी गीतांचे शब्द छापले गेले. चाली मात्र कंठातच राहिल्या. वसतिगृहातील मुलांच्या आज्यांना त्या अजून येतात. संगणक जाणणाऱ्या संगीतशिक्षकाने सुटीत मुलांकरवी त्या ध्वनिमुद्रित करून, गावाच्या व गाणारणीच्या नावानिशी जतन कराव्यात. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला हे साधन कागदपत्रांइतकेच मोलाचे वाटते. त्यासाठी संस्थेने संगीताचे आठवड्याचे ४ तास तरी अबाधित ठेवावेत, माहिती भरण्यास दुसरा माणूस द्यावा. पालकांनीही पुढील सभेत याची विचारणा करावी.