एकच धमनी, दोन अहवाल

भंडारा हा धानाचा जिल्हा. आधारभूत खरेदी केंद्रावर धानातील ओलावा मोजला जातो आणि तो १७ टक्क्यांहून अधिक भरला तर माल नाकारला जातो. एकाच पोत्याचा ओलावा लाखनीला एक आणि तुमसरला दुसरा निघाला, तर शेतकरी जाब विचारल्यावाचून राहणार नाही. मात्र मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मानेतील धमनीत साचलेला थर दोन डॉक्टरांनी सोनोग्राफीत दोन प्रकारे मोजला, तर रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. कारण दुसरा अहवाल सहसा काढलाच जात नाही.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हे. लकव्याचा सौम्य झटका येऊन गेलेला असेल आणि धमनी ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद झाली असेल, तर शस्त्रक्रियेचा स्पष्ट लाभ होतो, असे १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले. पवनीच्या रुग्णाला नागपूरला धाडावयाचे की गोळ्यांवर ठेवावयाचे, हे अशा एका आकड्यावर अवलंबून राहू शकते. त्यातही युरोपीय पद्धतीने मोजल्यास तीच ७० टक्क्यांची धमनी ८० टक्क्यांहून अधिक अरुंद भरते. पद्धत न सांगता दिलेला आकडा म्हणूनच अर्धवट ठरतो.

डॉप्लर तपासणीत अरुंदपणा रक्ताच्या वेगावरून ताडतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञांच्या सहमतीनुसार सेकंदाला २३० सेंटिमीटरहून अधिक वेग हे ७० टक्क्यांचे मुख्य लक्षण होय. परंतु ध्वनिलहरींचा कोन ६० अंशांचा असताना यंत्रावर ६५ मांडला गेला, तर २०० चा वेग २३६ दिसतो, आणि रुग्ण पाच अंशांच्या चुकीने सीमारेषा ओलांडतो. थराचा पोत ठरविणे तर बव्हंशी नजरेचेच काम. काळपट दिसणारा थर मऊ व अधिक धोक्याचा, पांढरट दिसणारा तंतुमय, अशी चार प्रकारांची वर्गवारी १९८८ पासून रूढ आहे. पण पडद्यावरील उजळपणा वाढविला की काळपटही पांढरट भासू लागतो.

‘बहुतेक वेळा आमचे एकमत होते’ हे उत्तर पुरेसे नाही. समजा, दोन डॉक्टर शंभरपैकी नव्वद थर निरुपद्रवी ठरवतात. त्यांनी चित्रे न पाहताच शेरे मारले, तरी सुमारे ८२ ठिकाणी ते योगायोगाने जुळतील. हा योगायोग वजा करून उरणारे एकमत मोजण्याची रीत जेकब कोहेन यांनी १९६० मध्येच घालून दिली.

गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी सक्तीची केली आणि ते योग्यच झाले. तथापि, त्या कायद्याचा हेतू निराळा आहे. दोन डॉक्टरांचे वाचन जुळते की नाही, हे तो पाहत नाही. ते पाहण्यास फारसा खर्चही लागत नाही. जिल्हा रुग्णालय आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी दरमहा काही चित्रे, नावे झाकून, परस्परांकडून वाचून घ्यावीत. सीमारेषेवरील रुग्णाची तपासणी दुसऱ्या हाताने पुन्हा व्हावी. अहवालात टक्केवारीसोबत वेग, कोन आणि पद्धत नमूद असावी. यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. काटा तपासून घेण्यात व्यापाऱ्याचा अपमान होत नाही, ग्राहकाचा विश्वास मात्र वाढतो. धानाच्या पोत्याला जो न्याय मिळतो, तो माणसाच्या धमनीला नाकारण्याचे कारण नाही.