गाडी पुण्याची, वॉरंटी कुणाची?

पुण्यातली नोकरी सुटली आणि माझा पुतण्या आपली मोटारसायकल घेऊन सावंतवाडीला परतला. गाडी सात महिन्यांची, कर्जावर घेतलेली. तिच्यावरून गावोगाव फिरून तो वीजपंपांची दुरुस्ती करतो. एका सकाळी इंजिनाखाली तेलाचे थारोळे दिसले. त्याच कंपनीच्या जवळच्या विक्रेत्याने सांगितले, ‘‘जिथून घेतली तिथे न्या.’’ म्हणजे घाट चढून सुमारे साडेतीनशे किलोमीटर!

त्याचा फोन आला तेव्हा मला माझी बँक आठवली. पुण्याच्या शाखेने काढलेला ड्राफ्ट आमच्या शाखेत आला, तर ‘पुण्याला जा’ म्हणण्याची आमची छाती नव्हती. वचन शाखेचे नसते, बँकेचे असते. वॉरंटीचेही तसेच. ती कंपनी देते; विक्रेता हा तिचा हात.

मग हा हात आखडतो का? विक्रीतला नफा दुसऱ्याने घेतलेला असतो. वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनीकडे दावा करून मिळवायचे, बदललेला भाग जपून ठेवायचा. अडचण खरी आहे. पण ती त्या दोघांमधली. गिऱ्हाइकाने तिचा भुर्दंड का सोसावा? गाडी उभी राहिली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

१९८६ च्या कायद्यानुसार बहुधा विक्रेत्याच्या किंवा कंपनीच्या गावीच दाद मागावी लागे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि ग्राहक जिथे राहतो वा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येऊ लागली. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर गाऱ्हाणे मांडता येते. मात्र बिल, वॉरंटीची पुस्तिका आणि वेळेवर केलेल्या सर्व्हिसिंगच्या नोंदी जपलेल्या हव्यात.

पुतण्याला मी एवढेच सांगितले, ‘‘भांडू नकोस. नकार लेखी माग, आणि त्याची प्रत कंपनीला पाठव.’’ लेखी म्हणताच मॅनेजर बाहेर आले, खुर्ची मिळाली. आठवड्याभरात गॅस्केट बदलून झाले, एक पैसाही न घेता.

मला आनंद झाला, पण पुरता नाही. ते आठ दिवस त्याची मजुरी बुडाली, ती कोण भरून देणार? आणि ज्याचा काका बँकेत नव्हता, त्या पोराने काय करायचे?