रान दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी



कापूस वेचून झाला की पऱ्हाटी रानात उभी ठेवू नका, असे मी २५ वर्षे सांगत आलो आहे. फरदडीच्या चार बोंडांचा मोह धरला, तर गुलाबी अळी त्या पऱ्हाटीत दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात आपल्याबरोबर शेजाऱ्याचीही कपाशी खाते. पीक काढले म्हणजे रान मोकळे झाले, असे नव्हे. लोकांना हे सांगणारा मी, माझ्याच घरात चुकलो. ती चूक आज तुमच्यापुढे मांडतो.

२०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलीच्या अभ्यासासाठी आम्ही घरी कॉम्प्युटर घेतला. मग सुट्टीच्या दिवशी गल्लीतले लोक येऊ लागले. कुणाचा पीकविम्याचा अर्ज, कुणाचा सातबारा, कुणाचे आधार. पुढे मुलगी शिकायला शहरात गेली आणि दिवाळीनंतर ते यंत्र मी पुतण्याला देऊन टाकले. देण्याआधी फडक्याने स्वच्छ पुसले, समोर दिसणाऱ्या फाइली काढून टाकल्या. माझ्या मते काम झाले.

आठच दिवसांत पुतण्या घरी आला. म्हणाला, “काका, एक बोलू का? रागावू नका. त्यात गल्लीतल्या सगळ्यांचे आधार आहेत, बँकेची पासबुके आहेत. आणि शेजारच्या काकूंना कसला आजार आहे, तेही मला कळलं. मला ते कळायला नको होतं.”

मी खाली मान घातली. काकूंनी आजारपणाच्या मदतीचा अर्ज माझ्याकडून भरून घेतला होता. दवाखान्याचा कागद त्यांनी सख्ख्या जावेलाही दाखवला नव्हता. पोरगा सुस्वभावी म्हणून बरे. हेच यंत्र बाजारात अनोळखी माणसाला विकले असते तर?

आता हे घडते कसे, ते पाहू. आपण कॉम्प्युटरवर काही उतरवून घेतो, ते ‘डाउनलोड्स’ नावाच्या कप्प्यात जाऊन पडते. अर्ज भरून होतो, छापील प्रत निघते, माणूस घरी जातो. त्याचा कागद मात्र आपल्याकडे राहतो. ई-आधारच्या फाइलीला कुलूप असते खरे. पण नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल ही त्याची किल्ली. गावात एकमेकांची नावे आणि जन्मसाले कुणाला ठाऊक नसतात? म्हणून काम संपताच तो कप्पा उघडून दुसऱ्याचे कागद काढून टाकावेत. जेथे चालत असेल तेथे आधारची झाकलेली प्रत, म्हणजे ‘मास्क्ड आधार’ द्यावी. तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

काढून टाकलेली फाइल आधी ‘रिसायकल बिन’मध्ये जाते. ही टोपली रिकामी केली नाही, तर कुणीही फाइल उचलून परत जागेवर ठेवू शकतो. टोपली रिकामी केली तरी जुन्या हार्ड डिस्कवर मजकूर लगेच पुसला जात नाही. गोदामाच्या नोंदवहीतून पोत्याचे नाव खोडावे आणि पोते मात्र थप्पीतच राहावे, तसा हा प्रकार आहे. त्या जागी दुसरे पोते येईपर्यंत जाणकार माणूस ते शोधून काढतो.

दुसरी खूण राहते ती इंटरनेटवर फिरल्याची. कोणती पाने पाहिली, काय शोधले, याची वही क्रोमसारखा ब्राउझर आपण न सांगता लिहीत असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकत्र दाबली की ती वही पुसायची खिडकी उघडते. तेथे वेळ विचारतात, तेव्हा ‘ऑल टाइम’ निवडावे. नाहीतर थोड्याच वेळापुरती वही पुसली जाते. बँकेचे पासवर्ड यंत्रात साठवले असतील, तर सेटिंगमध्ये जाऊन तेही काढावेत. गुगलचे खाते उघडे असेल, तर त्यातून बाहेर पडावे. सेवा केंद्रात व्हॉट्सॲप जोडून कागद पाठवला असेल, तर उठण्यापूर्वी मोबाइलमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून ते तोडावे.

‘इनकॉग्निटो’ खिडकीवर पोरांचा फार भरवसा असतो. ती बंद केली की त्या फेरीची वही यंत्रात राहत नाही, एवढे खरे. पण उतरवलेली फाइल राहतेच, आणि कोणत्या संकेतस्थळावर गेलो ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळू शकते.

यंत्र विकायचे किंवा कुणाला द्यायचे असेल, तर एवढ्याने भागत नाही. आपले फोटो आणि कागद पेन ड्राइव्हवर घ्यावेत. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘रिसेट धिस पीसी’ शोधून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे आणि त्याच्या जादा पर्यायांत ‘क्लीन डेटा’ चालू करावे. यास काही तास लागतात. चार्जर काढू नये आणि वीज जाण्याची भीती असेल त्या वेळी हात घालू नये. बंद पडलेले यंत्र भंगारात देताना हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी.

काहीजण म्हणतील, “साहेब, आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?” माझ्या आयाबहिणी पदराच्या गाठीत काय आहे, ते चावडीवर सोडून दाखवत नाहीत. म्हणून काय ती चोरी झाली? घरात एकच कॉम्प्युटर असतो. सुनेने आपल्या दुखण्याविषयी काही शोधले आणि संध्याकाळी सासऱ्यांनी बाजारभाव पाहायला बसावे, तो तिचे शोधलेले शब्द समोर यावेत, हे कुणालाच बरे वाटणार नाही. अशा घरात प्रत्येकाचे खाते वेगळे करून द्यावे. विंडोजमध्ये त्याची सोय आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तो हक्क सुनेलाही आहे आणि शेजारच्या काकूंनाही.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. बँकेतून पैसे गेले, फसवणूक झाली, तर घाबरून काहीही पुसू नका. ते संदेश, त्या खुणा हाच पुरावा असतो. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

पुतण्याचे यंत्र आम्ही दोघांनी बसून नीट साफ केले. दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो आणि झाली गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कागद मी तुमच्या हाती दिला होता, साहेब. त्या पेटीला नव्हता दिला.” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून अर्ज भरून झाला की ज्याचा कागद आहे त्याला समोर बसवतो, त्याच्या देखत फाइल काढतो, टोपली रिकामी करतो आणि मगच चहा ठेवायला सांगतो. तुमच्या घरी कुणाचे कागद पडून आहेत का, ते आज रात्री जेवणे झाल्यावर एकदा बघा.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलू.