बोन्सायची बाजू

परवा वर्गात चर्चा रंगली असताना एक मैत्रीण पोटतिडकीने म्हणाली, "आपण मुली म्हणजे घराघरांतले बोन्साय!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण घरी आल्यावर ओसरीवरच्या कुंडीकडे लक्ष गेले आणि त्या टाळ्या मला खटकू लागल्या. गेली तीन वर्षे माझ्याकडे बॉक्सवूडचा एक बोन्साय आहे. ही उपमा देणाऱ्यांनी बोन्साय कधी वाढवला नसावा, असे मला वाटते.

हे रोप माझ्या आतेभावाने पुण्याच्या एका रोपवाटिकेतून आणून दिले. उंची जेमतेम वीतभर, पाने लहान, जाड आणि चकचकीत. झाड मूळचे थंड मुलखातले. वाढ इतकी संथ आणि लाकूड इतके घट्ट, की एकोणिसाव्या शतकात युरोपातील पुस्तकांच्या चित्रांचे ठसे या लाकडावर कोरत असत. अशा झाडाने लासूर स्टेशनचा वैशाख सोसायचा!

पहिल्या वर्षी मी आमच्या शेतातली काळी माती कुंडीत भरली. जिच्यात कांदा आणि कपाशी पिकते ती माती वाईट कशी असेल? पण पावसाळ्यात ती पाणी धरून बसली, मुळे गुदमरली आणि पाने पिवळी पडली. मग विटांचा बारीक चुरा, वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत असे मिश्रण केले, तेव्हा कुठे झाड तगले. आता त्याला सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळते. मातीत बोट खुपसून ओल पाहिल्याशिवाय मी पाणी घालत नाही. आतल्या फांद्यांची गर्दी विरळ करते, म्हणजे उजेड खोडापर्यंत पोचतो. यंदा फेब्रुवारीत मुळांची छाटणी करून माती बदलली.

आजीला हे सारे थेर वाटत. "माय, माणसाला पेयाला पाणी नाही अन् हिच्या झाडाला रोज तांब्या!" असे ती म्हणे. 1972 च्या दुष्काळात तिने खडी फोडली आहे, सुकडीवर दिवस काढले आहेत. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे तर आपणच पाहिले. तिच्या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते तिनेच शोधले. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी ती एका गडव्यात साठवू लागली. आता मी विसरले तरी ती विसरत नाही.

आता त्या उपमेकडे वळते. बोन्साय छाटतात, तारेने वाकवतात, हे खरे आहे. पण उथळ कुंडीतले झाड स्वतःचे पाणी शोधायला जमिनीत खोल जाऊ शकत नाही. म्हणून ज्याने ते लहान ठेवले, त्यालाच ते रोज पाहावे लागते. उन्हाळ्यात दोन दिवस दुर्लक्ष झाले की संपले. बारावीत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आज कॉलेजात नाही. लग्न ठरले आणि शिक्षण थांबले. तिची फांदी छाटली गेली. पण त्यानंतर मातीत बोट घालून कुणी ओल पाहिली का? तिला बोन्साय म्हणणे हा बोन्सायचाच अपमान आहे.

जपानमधील यामाकी कुटुंबाने एक पांढरा पाइन बोन्साय म्हणून जपला होता. त्याची जोपासना 1625 पासूनची. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा ते झाड स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर, कुंपणाच्या भिंतीआड होते. ते वाचले. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी ते भेट दिले, तेही अमेरिकेला! आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. झाडाचे वय मला थक्क करत नाही. इतक्या पिढ्यांत एकानेही पाणी घालायचा कंटाळा केला नाही, हे मात्र करते.

आपल्याकडे 2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला होता. संकल्प मोठे असावेत. पण खड्डा, रोप, छायाचित्र आणि पुढच्या जुलैत पुन्हा तोच खड्डा, हा प्रकार आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही? लावणे एका दिवसाचे असते, राखणे रोजचे.

माणसाचा बोन्साय करू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. झाडाला नको म्हणता येत नाही. आम्हाला येते आणि ते ऐकले गेले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की ज्यांना बोन्सायची कीव येते त्यांनी एक झाड वर्षभर सांभाळून पाहावे. कीव करणे सोपे आहे. रोज सकाळी उठून ओल पाहणे कठीण.