परफॉर्मन्सवर टाका आणि मोकळे व्हा?

बरेच दिवसांनी लिहितोय. कारण तळहाताएवढा एक बोर्ड.

झालं काय, की हा बोर्ड दिवसातून दोन-तीनदा हँग व्हायचा. लॉगमध्ये काही नाही, ना पॅनिक ना एरर. सरळ मौनव्रत! शेवटी टीममधल्या एकाने 'परफॉर्मन्स' गव्हर्नर लावून प्रोसेसरला १.२ गिगाहर्ट्झवर खिळा ठोकला. हँग गायब. बॉस खूश, "तिकीट क्लोज कर रे." मी नको म्हटलं आणि माझे दोन वीकेंड गेले.

फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायची कशाला? तर वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत खर्च होते. १.२५ व्होल्टवरून ०.९५ वर या, फ्रिक्वेन्सी निम्मी करा, की स्विचिंगचा खर्च साधारण २९ टक्क्यांवर येतो. मात्र क्रम पाळावा लागतो. वर जाताना आधी व्होल्टेज, मग क्लॉक. खाली येताना उलट.

मुलुंडकरांना हे वेगळं सांगायला नको. मध्य रेल्वेची मेन लाइन १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर यायचं काम २०१५ मध्ये पुरं झालं. त्याआधी चेंजओव्हरच्या जागी डब्यातले दिवे-पंखे क्षणभर जायचे, गाडी आपल्या वेगावर पुढे सरकायची, पलीकडचा सप्लाय मिळाला की मग पुन्हा पॉवर. घाई केली तर काय होईल, ते मोटरमनला पक्कं ठाऊक.

आमच्या बोर्डाला ठाऊक नव्हतं. आधी एकेका फ्रिक्वेन्सीवर लॉक करून रात्रभर लोड दिला. प्रत्येक ठिकाणी ठणठणीत. म्हणजे ठिकाणं बरोबर, गडबड वाटेत. मग स्क्रिप्टने सतत खाली-वर उड्या मारायला लावल्या, चौथ्या मिनिटाला हँग! (इतका आनंद मला अप्रेझलच्या पत्राने कधी झाला नाही.) स्कोप लावला, तर व्होल्टेज अजून चढतंय आणि क्लॉक आधीच बदललेलं. डिव्हाइस ट्रीमध्ये रेग्युलेटरच्या रॅम्प डिलेची ओळच नव्हती. कर्नल बिचारा समजला की व्होल्टेज लगेच पोचतं. आमचा रेग्युलेटर मायक्रोसेकंदाला १२.५ मिलिव्होल्ट चढतो, म्हणजे ०.३ व्होल्टला २४ मायक्रोसेकंद. तेवढ्यात १.२ गिगाहर्ट्झचं क्लॉक जवळपास २९ हजार वेळा टिकटिकतं, तेही अर्धपोटी.

आता माझा मुद्दा. "परफॉर्मन्सवर टाका" हा उपाय नुसता आळशी नाही, तो चुकीचा आहे. हा बोर्ड बंद डब्यात, गच्चीवर बसणार. ऑक्टोबर हीटमध्ये, सतत टॉप स्पीडला. तापमानाची मर्यादा ओलांडली की थर्मल कोड स्वतःच फ्रिक्वेन्सी खाली आणतो, आणि थंड झालं की परत वर. म्हणजे ज्या उड्या आपण बंद केल्या म्हणतो त्याच परत सुरू, फक्त टेबलावर नाही, गिऱ्हाइकाकडे! आणि तेव्हा तिकीट 'हार्डवेअर फॉल्ट' म्हणून येतं, बोर्ड बदलला जातो, नवा बोर्डही लटकतो.

हे मी शहाणपणाने बोलतोय असं समजू नका. मागच्या नोकरीत मीच असा खिळा ठोकून रिलीज दिलं होतं. ते डबे कुठे असतील कोण जाणे.

असो. एक ओळ घातली, उड्यांची टेस्ट शुक्रवारी संध्याकाळी अंधेरीच्या ऑफिसात लावून घाटकोपरची मेट्रो पकडली. हे लिहीपर्यंत ३८ तास झालेत, अजून चालू आहे. बोर्डावर मुद्दाम पुठ्ठ्याचा खोका पालथा घातलाय.